आपल्या गावातल्या पतंगांची सूची कशी करावी

भारतात फुलपाखरांच्या जाती चौदाशेच्या आसपास, तर पतंगांच्या दहा हजारांहून जास्त. तरी फुलपाखरांची नावं शाळेतल्या पोरांना पाठ असतात आणि पतंग घरात शिरला की केरसुणी शोधली जाते. मी कृषी सहायक आहे, संगमेश्वर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर फिरते. भाताचा खोडकिडा, वांग्याचे शेंडे आणि फळं पोखरणारी अळी, घाटे अळी, विदर्भातल्या सहकाऱ्यांची झोप उडवणारी गुलाबी बोंडअळी, ही सगळी पतंगांची पिल्लं. शेतकरी अळी अचूक ओळखतो. तिचाच पतंग रात्री त्याच्या पडवीतल्या दिव्याखाली बसलेला असतो, तो मात्र त्याला परका असतो. आणि पिकावर येणाऱ्या या मूठभर जाती सोडल्या तर बाकीचे हजारो पतंग रानातल्या झाडाझुडपांवर वाढतात, पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या पोटात जातात, रात्री फुलणाऱ्या फुलांचं परागीकरण करतात. त्यांची गावागावातली नोंद कुणी ठेवलेली नाही. ती ठेवता येते, आणि त्यासाठी प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. सूचीत नाव सगळ्यात शेवटी येतं. आधी तारीख, जागा, वेळ आणि फोटो. नाव चुकलं तर दहा वर्षांनी दुसरं कुणीतरी ते दुरुस्त करू शकतं. तारीख आणि जागा लिहायची राहिली, तर ती कुणालाच परत आणता येत नाही.

अमेरिकन लष्करी अळीचं उदाहरण घ्या. मूळची अमेरिका खंडातली ही जात २०१८ साली भारतात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात मक्यावर पोचली. अळीच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडच्या आठव्या खंडावर चौकोनात चार काळे ठिपके, हे आता गावोगाव माहीत आहे. पण तुमच्या गावात ती नेमकी केव्हा आली, हे सांगायला पूर्वीच्या वर्षांच्या रात्रींची नोंद हवी. अमुक वर्षापर्यंत ती नव्हती, असं ठामपणे म्हणता येण्यासाठीसुद्धा कुणीतरी आधीपासून दिवा लावून बसलेलं असावं लागतं.

दिवा, चादर आणि रात्र

साधी पांढरी सुती चादर, दोन खांबांमध्ये ताणून बांधायला दोरी आणि एक दिवा. चादरीचा खालचा भाग जमिनीवर हातभर पसरू द्या, कारण बरेच पतंग खालीच उतरतात. दिवा चोक न लागणारा १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब असेल तर उत्तम. मात्र तो तापतो आणि तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला तर फुटतो, म्हणून वर आडोसा हवाच. वीज नसेल तिथे पॉवर बँकेवर चालणारे अतिनील एलईडी दिवे मिळतात. त्यांच्याकडे आणि मर्क्युरी बल्बकडेही एकटक पाहू नका, डोळ्यांना त्रास होतो. यातलं काहीच नसेल तर पडवीतल्या पांढऱ्या भिंतीवरचा नेहमीचा दिवासुद्धा चालतो. फक्त कोणता दिवा होता ते लिहून ठेवा, कारण दिवा बदलला की येणारे पतंगही बदलतात.

रात्र निवडताना अमावास्येच्या आसपासची, उबदार, दमट आणि बिनवाऱ्याची बघा. कोकणात जूनच्या पहिल्या सरींनंतरचे दिवस आणि पाऊस ओसरतानाचे सप्टेंबर-ऑक्टोबर यांना तोड नाही. जुलैच्या शेवटी जगभर राष्ट्रीय पतंग सप्ताह पाळतात. २०१२ साली अमेरिकेत सुरू झालेला हा उपक्रम आता आपल्याकडेही होतो. आपल्याकडे त्या दिवसांत पागोळ्या अखंड गळत असतात, म्हणून चादर अंगणात न लावता पडवीत आतल्या भिंतीला लावायची. पाऊस बाहेर कोसळत असतानासुद्धा पतंग येतात.

दिव्यावर न येणारेही पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी जास्त पिकलेली केळी गुळात कुस्करून एक दिवस आंबू द्यायची. त्यात थोडी माडी घातली तर वास लांबवर जातो. संध्याकाळी हे मिश्रण झाडांच्या बुंध्यांना हातभर पट्ट्यात फासायचं आणि अंधार पडल्यावर मंद विजेरीने बघत फिरायचं. काही पतंग तर दिवसाच उडतात. गवतातून संथ उडणारे, गांधीलमाशीसारखे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे पतंग बघायला दुपारचं ऊनच हवं.

चादरीवर पतंगांबरोबर इतरही मंडळी येतात. गांधीलमाश्या येतात, त्यांना डिवचू नका. मुंगीसारखा लांबट, नारिंगी-काळा बारका भुंगा अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा, चिरडू नका. त्याच्या अंगातल्या द्रवाने कातडी भाजल्यासारखी होऊन फोड येतात. बेडूक येतात, बेडकांमागे साप येऊ शकतो. पायात बूट हवेत, आणि चादरीच्या खालच्या कडेला हात घालण्याआधी विजेरी मारून बघायची.

दिवा रात्रभर चालू ठेवू नका. उडताना कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. मोकळ्या रानात उजळ बाजू म्हणजे आकाश, त्यामुळे ते सरळ उडतात. दिवा बाजूला लागला की पाठ तिकडे वळते आणि ते त्याच्याभोवती अडकून घिरट्या घालत राहतात. म्हणजे चादरीवरचा प्रत्येक पतंग त्याचं खाणं, जोडीदार, अंडी घालणं सोडून तिथे खोळंबलेला असतो. पहाटे दयाळ आणि कोतवाल येऊन आयती न्याहारी करतात ते वेगळंच. उजाडायच्या बराच आधी दिवा बंद करावा आणि चादर झुडपांमध्ये हलकेच झटकावी.

फोटो असा काढा की पुढच्या माणसाला ओळखता येईल

एका पतंगाचे निदान तीन फोटो घ्यावेत. एक बरोबर वरून, दोन्ही पुढचे पंख पूर्ण दिसतील असा. एक बाजूने, मिशा, सोंड आणि पाय दिसतील असा. तिसरा मागच्या पंखाचा, आणि नेमका हाच लोक विसरतात. बसलेल्या पतंगाचे मागचे पंख पुढच्यांखाली झाकलेले असतात. बारीक काडीने पुढच्या पंखाची कड हळूच सरकवली की बरेच पतंग मागचा पंख उघडतात.

ते का लागतं, हे फळांचा रस शोषणाऱ्या पतंगांवरून कळेल. पुढचे पंख मिटून बसला की तो वाळकं पान. उघडला की मागचे पंख भडक नारिंगी, त्यावर काळ्या खुणा. युडोसिमा माटर्नाच्या मागच्या पंखाच्या मध्यावर गोल काळा ठिपका असतो, युडोसिमा फॅलोनियाच्या तिथे वाकडा, मोठा काळा डाग. पुढचा पंख दोघांचाही पालापाचोळ्यात हरवणारा. तो एकटाच दिसत असेल तर पुष्कळदा नुसतं ‘युडोसिमा’ लिहून थांबावं लागतं.

चादरीवर मिलिमीटरच्या आलेखकागदाची पट्टी टाचून ठेवा. प्रत्येक फोटोत पट्टी येईलच असं नाही, पण एका तरी फोटोत यावी. बोटभर पतंग आणि तांदळाएवढा पतंग फोटोत सारखेच मोठे दिसतात.

आधी कुळ, मग जात

पतंग आणि फुलपाखरं मिळून खवलेपंखी कीटकांचा एक गण होतो. बोटाला लागते ती पूड म्हणजे पंखांवरचे खवले. या गणात पतंगांची डझनावारी कुळं आहेत. सगळी शिकत बसू नका. आपल्याकडच्या चादरीवरचे बहुतेक पतंग पाच-सहा कुळांतले असतात, ती डोळ्यांत बसली की पुढचं काम निम्म्यावर येतं.

जाड, निमुळतं अंग आणि लांब अरुंद पुढचे पंख असतील तर तो स्फिंजिडी कुळातला, म्हणजे हॉक मॉथ. यांच्या अळीच्या शेपटीवर शिंग असतं. पंख चादरीला चिकटवून सपाट बसलेला, नाजूक, आणि पुढच्या पंखावरची रेघ तुटल्याविना मागच्या पंखावर उतरलेली दिसली तर जिओमेट्रिडी. याची अळी पाठीची कमान करून वीतवीत मोजत चालते. बारका, त्रिकोणी, लांब पायांचा आणि तोंडापुढे टोक आलेला असेल तर बहुधा क्रँबिडी. भाताचा खोडकिडा आणि पावसाळ्यात सागाच्या पानांची जाळी करणारी अळी याच कुळातली. पंख कौलारू छपरासारखे उतरते आणि पुढच्या पंखावर मूत्रपिंडाच्या आकाराचा डाग असेल तर नॉक्टुइडी, म्हणजे घाटे अळी आणि लष्करी अळीचं घराणं. पिसासारख्या रुंद मिशा आणि पंखावर डोळे किंवा पारदर्शक खिडक्या असतील तर सॅटर्निडी. ऐनाच्या झाडावर वाढणारा टसर रेशमाचा पतंग, चंद्रपतंग आणि सह्याद्रीतला ॲटलस हे तिघेही यातलेच. आपल्या ॲटलसचं शास्त्रीय नाव अटॅकस टॅप्रोबॅनिस. हिमालयाकडचा आणि ईशान्येकडचा अटॅकस अॅटलस वेगळा, पण पुष्कळ जण आपल्याकडच्या पतंगाच्या फोटोखालीही तेच नाव लिहून मोकळे होतात. असा एखादा पतंग चादरीवर बसला की माझं तर बाकी सगळं काम थांबतं.

राहिलं एरेबिडी. हे कुळ सगळ्यात पसरलेलं आणि सगळ्यात गोंधळात टाकणारं. पुढचे केसाळ पाय पुढे ताणून बसणारे टसॉक मॉथ, ठिपक्या-पट्ट्यांचे टायगर मॉथ, फळांचा रस शोषणारे, सगळे यातच. जुन्या पुस्तकांत टसॉक आणि टायगर मॉथची स्वतंत्र कुळं दिसतील. गेल्या दीड दशकात जनुकीय अभ्यासानंतर त्यांना एरेबिडीत उपकुळं म्हणून बसवलं गेलं. एरेबिडी आणि नॉक्टुइडी यांतला फरक मागच्या पंखाच्या शिरांवरून बहुतेक वेळा कळतो, पण त्यासाठी भिंग लागतं. फोटोवरून शंका असेल तर नॉक्टुऑइडिया एवढं महाकुळ लिहा आणि पुढे चला.

नोंदवही

मी दोन तक्ते ठेवते. पहिला रात्रीचा: तारीख, गाव आणि वाडी, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, भोवती काय आहे (काजूची बाग, देवराई, भातशेती), दिवा कोणता, किती वाजता लावला आणि किती वाजता बंद केला, पाऊस, वारा, चंद्र. काहीच आलं नाही तरी ती रात्र लिहायची. दुसरा तक्ता पतंगांचा: रात्रीचा क्रमांक, फोटोचा क्रमांक, किती होते, कुळ, प्रजाती (इंग्रजीतलं जीनस), जात (स्पीशीज), ओळख कुणी आणि कशावरून केली, कोणत्या तारखेला केली. ओळखीची तारीख महत्त्वाची, कारण ओळख बदलते. जुनी ओळख खोडू नका, तिच्याखाली नवी लिहा.

जे ओळखता येत नाही त्याला आपला क्रमांक द्या: जिओमेट्रिडी ७, क्रँबिडी २३. तोच पतंग पुन्हा आला की तोच क्रमांक. दोन वर्षांनी क्रँबिडी २३ चं नाव कळलं की त्या क्रमांकाच्या सगळ्या जुन्या नोंदी एकदम कामाला येतात. तक्त्यात ‘अनोळखी’ असं नुसतं लिहिलं तर त्या नोंदींचा कुणालाच उपयोग नाही.

अळी पाळा

माझ्या मते खेड्यात राहणाऱ्या माणसाला जे करता येतं आणि शहरातल्या संग्रहालयात बसून करता येत नाही, ते हे. आपल्याकडच्या कितीतरी पतंगांची अळी काय खाते, हेच कुठे लिहिलेलं नाही. दिव्यावर आलेला पतंग कुठून आला ते सांगत नाही. पानावर सापडलेली अळी मात्र सगळं सांगते.

ब्रिटिश काळात टी. आर. बेल नावाचे वन अधिकारी कारवारला असत. त्यांनी तिथल्या रानातल्या हॉक मॉथच्या अळ्या स्वतः पाळून वाढवल्या, आणि १९३७ साली एफ. बी. स्कॉट यांच्यासह लिहिलेला त्यांचा हॉक मॉथवरचा खंड त्यामुळेच आजही उपयोगी पडतो. कोणतं झाड, अळी कशी दिसते, कोष कुठे होतो, हे त्यांनी बघून लिहिलं आहे. कारवार आपल्यापासून लांब नाही, झाडंही बरीच तीच.

शिकायला कण्हेर किंवा तगर बघा. पावसाळ्यात कोवळे शेंडे खाल्लेले आणि खाली जाड लेंड्या पडलेल्या दिसल्या की वर शोधायचं. अंगठ्याएवढी हिरवी अळी, कुशीवर पांढरी रेघ, तिच्याभोवती बारीक ठिपके आणि शेपटीवर आखूड पिवळट शिंग. डिवचली की डोकं आत ओढते आणि मानेवर दोन निळे डोळे फुलतात. ते खरे डोळे नव्हेत, पक्ष्याला दचकवण्याची ती खूण आहे. ही डॅफ्निस नेरी. जाळीचं झाकण असलेल्या बरणीत तळाशी कागद घाला, फांदी पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवा आणि बाटलीच्या तोंडाला कापूस लावा, नाहीतर अळी पाण्यात पडते. लेंड्या रोज काढायच्या, पानं रोज ताजी. ज्या झाडावर सापडली त्याचीच पानं द्या, दुसऱ्या झाडाची ती खाणार नाही. बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवली की मुंग्या येत नाहीत. एके दिवशी अळीचा हिरवा रंग तपकिरी-जांभळा व्हायला लागतो आणि ती खाणं सोडून सैरभैर फिरते. तेव्हा तळाशी माती आणि वाळका पाला घाला, त्यातच ती कोष करते. उबेच्या दिवसांत साधारण दोन आठवड्यांत हिरव्या-गुलाबी नक्षीचा पतंग बाहेर येतो. पंख वाळेपर्यंत त्याला टांगून राहायला खडबडीत काडी हवी. मग संध्याकाळी त्याच झाडापाशी सोडायचा.

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका काकींनी कुंपणावरच्या गुळवेलीची अळी डब्यात घालून आणली होती. “ताई, हिला हात लावला की मान खाली घालून कमान करते, आणि कुशीवर डोळे दिसतात, बघा.” निरीक्षण इतकं नेमकं होतं की मी ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. अळीने गुळवेलीची पानं रेशमाने जोडून त्यात कोष केला आणि त्यातून आला युडोसिमा. विदर्भात संत्र्याला भोक पाडून रस पितो तोच. त्याच्या सोंडेचं टोक इतकं कडक असतं की संत्र्याची साल सहज भेदली जाते. संत्रा बागायतदारांना बागेभोवतीची गुळवेल आणि वासनवेल काढायला सांगतात ते यासाठीच. अळीचं झाड कुणीतरी नोंदलं म्हणून हा सल्ला देता आला.

कधी कोषातून पतंगाऐवजी बारक्या गांधीलमाश्या किंवा माश्या बाहेर पडतात. त्या अळीवरच्या परजीवी. निराश होऊ नका, तीही नोंदच आहे, आणि शेतीच्या दृष्टीने तर जास्त मोलाची. अळीचा, झाडाच्या पानाफुलाचा आणि बाहेर आलेल्या परजीवीचा फोटो एकाच क्रमांकाखाली ठेवा. केसाळ सुरवंटांना उघड्या हाताने उचलू नका. शेवग्यावरच्या सुरवंटांची खाज कोकणात कुणाला नवी नाही.

नाव कुठे शोधायचं

जॉर्ज हॅम्पसन निलगिरीत चहाच्या मळ्यात होते. त्यांनी १८९२ ते १८९६ या काळात फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया या मालेत पतंगांचे चार खंड लिहिले. ते बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. वर्णनं आजही कामाची आहेत, नावं मात्र पुष्कळ बदलली आहेत. म्हणून हॅम्पसनमधलं नाव सापडलं की मॉथ्स ऑफ इंडिया या संकेतस्थळावर आजचं नाव पडताळा. तिथे जिवंत पतंगांचे फोटो जागेनिशी आहेत. आयनॅचरॅलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकलात तर जाणकार मदत करतात. संगणक पहिलं नाव सुचवतो ते डोळे झाकून घेऊ नका. परदेशातल्या फोटोंवर तो जास्त शिकलेला असतो आणि कोकणातल्या पतंगाला कधी युरोपातलं नाव देतो. सुचवलेली जात भारतात आढळते का, एवढं आधी बघा.

नावापुढे नामकर्ता आणि वर्ष लिहायची सवय लावा. डॅफ्निस नेरी (लिनियस, १७५८) यात कंस का? लिनियसने ती जात स्फिंक्स या प्रजातीत ठेवली होती, पुढे ती डॅफ्निसमध्ये गेली, म्हणून. प्रजाती बदलली नसेल तर कंस नसतो: अटॅकस टॅप्रोबॅनिस मूर, १८८२.

काही पतंग फोटोवरून कधीच ओळखता येणार नाहीत. पंख हुबेहूब सारखे, आणि फरक फक्त नराच्या जननेंद्रियांत. त्यासाठी पोटाचा भाग १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मऊ करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. डीएनए बारकोडिंगला पतंगाचा एक पाय पुरतो, त्यातून एका जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात. दोन्ही कामं प्रयोगशाळेची. तिथपर्यंत जावं असं वाटणारा पतंग सापडला तर पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, मुंबईत बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा) जुना संग्रह आहे. पत्र लिहा, फोटो आणि नोंद सोबत जोडा.

पतंग मारून टाचणीला लावायची हौस करू नका. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीच गोळा करता येत नाही. नमुना परदेशी पाठवायचा तर २००२ चा जैवविविधता कायदा लागू होतो. नवीन जात जाहीर झाली तर तिचा नमुना सरकारने नेमलेल्या भांडारात जमा करावा लागतो.

या जैवविविधता कायद्यानेच प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आली. बहुतेक नोंदवह्यांत औषधी वनस्पती, मासे, पक्षी असतात आणि कीटकांच्या पानावर चार ओळी. तुमचा तक्ता वर्षातून एकदा छापून ग्रामसेवकांकडे द्या, समितीच्या बैठकीत तो नोंदवहीला जोडायला सांगा आणि पोच घ्या. त्यात गावातल्या झाडांची स्थानिक नावं जशीच्या तशी ठेवा, शास्त्रीय नाव शेजारच्या रकान्यात. मूळ फोटोंची एक प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात आणि एक स्वतःच्या हार्ड डिस्कवर, फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.